तांडेलाला समुद्र सांगायला गेले

‘डोळे मिटा. तुम्ही एका शांत समुद्रकिनारी बसला आहात. लाटांचा आवाज येतोय. आता तुम्ही हळूहळू खोल, आणखी खोल बुडत चालला आहात...’

ही वाक्यं मी पुण्याला शिकले आणि रत्नागिरीत परत येऊन वीसेक वर्षं जशीच्या तशी म्हणत राहिले. आमच्या सरांना समुद्र म्हणजे मे महिन्यातली चार दिवसांची सहल, शहाळं आणि ओले पाय. त्यांना तो शांत वाटला तर नवल नाही. मी मात्र जन्माची रत्नागिरीची, तरी आपण हे कोणाला सांगतोय असा प्रश्न मला एकदाही पडला नाही. तो पाडला हर्णेच्या एका तांडेलाने, आणि तोही माझ्या खुर्चीतून ताडकन उठून, जिना उतरून, निघून जाऊन.

मी मानसशास्त्रज्ञ. गोळ्या देणारी डॉक्टर नव्हे, बोलणारी. त्या बोलण्यातलाच एक प्रकार म्हणजे संमोहन. हा शब्द काढला की लोकांच्या डोळ्यांपुढे काळा कोट, हलणारा लंबक आणि टाळी वाजवली की स्टेजवर कोंबड्यासारखा आरवणारा माणूस येतो. माझ्याकडे त्यातलं काहीच नव्हतं. एक आरामखुर्ची, एक पंखा आणि माझा आवाज, बस. संमोहनात माणूस झोपत नाही, बेशुद्ध होत नाही, मनाविरुद्ध काही करत नाही. त्याचं लक्ष एका जागी गोळा होतं आणि त्या वेळी सांगितलेली, त्याला स्वतःला हवी असलेली गोष्ट जरा खोल रुजते. एवढंच. हे एवढंच मी हजार वेळा सांगितलं असेल, पण ऐकतो कोण. एक बाई आपल्या मुलीला घेऊन आल्या होत्या. मुलगी आलेल्या स्थळाला हो म्हणत नव्हती, तर ‘जरा दहा मिनिटं करा ना, हो म्हणेपर्यंत’ असं त्यांचं म्हणणं. मी आईला बाहेर बसवलं आणि मुलीशी अर्धा तास गप्पा मारल्या. मुलीचं डोकं एकदम ठिकाणावर होतं. दुसरे एक गृहस्थ दर गुरुवारी यायचे आणि पाचव्या मिनिटाला खरोखरीचे घोरायला लागायचे. महिनाभराने म्हणाले, तुमचा गुण आला हो, गुरुवारी फार बरं वाटतं. आता काय बोलायचं.

माझी खोली माळनाक्याच्या अलीकडे, चष्म्याच्या दुकानाच्या वर. त्याचा मला फार फायदा झाला. जिन्यात कोणी ओळखीचं भेटलं की पेशंट सांगायचे, नंबर वाढलाय, चष्मा करायला आलोय. आमच्याकडे मनाच्या डॉक्टरकडे जायचं तर गाव सोडून जातात. रत्नागिरीचे कोल्हापूर गाठतात, दापोलीचे माझ्याकडे येतात. म्हणूनच दापोलीजवळच्या हर्णेहून दोन एसट्या बदलून, पाच तास हाडं खिळखिळी करून घेत, काशिनाथ आणि त्याची बायको सुवर्णा माझ्याकडे आले. नावं बदललीत. गोष्ट लिहायला काशिनाथची परवानगी आहे, किंबहुना लिहा असं त्यानेच सांगितलंय.

जूनची सुरुवात होती. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला ओढून झाकून ठेवतात, तेव्हाच ह्या लोकांना आजारी पडायला सवड. काशिनाथ अडतीस वर्षांचा, काळासावळा, मोकळ्या चेहऱ्याचा माणूस. बोटीचा तांडेल, म्हणजे समुद्रावर बोट ज्याच्या हुकमाने चालते तो. सुवर्णा बोलत होती आणि तेवढ्या चार मिनिटांत हा तीनदा उठला. एकदा भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं, एकदा पंख्याचं बटण फिरवून बघितलं, एकदा खिडकीतून खाली कोणाच्या तरी टेम्पोचं टायर बसलंय ते आम्हाला सांगितलं.

सुवर्णाचं गाऱ्हाणं असं. बोटीवर मासळीसाठी लागणारा बर्फ सांगायला म्हणून निघालेला माणूस, वाटेत कोणाचं तरी इंजिन उघडं दिसलं की तिथेच बसतो, आणि संध्याकाळी हात काळे करून घरी येतो. बर्फ राहिला. गॅसवर दूध ठेवून समोरच्या घरी कौलं चढवायला जातो. शाळेत असल्यापासून असाच. पण समुद्रावर गेला की ह्याच्यासारखा हाच. पाण्याचा रंग बघून मासळी सांगतो, वारा फिरायच्या आधी ह्याला कळतं. सगळे खलाशी त्याच्यासाठीच बोटीवर यायचे.

यायचे, कारण आता येणार नव्हते. मागच्या हंगामात त्यांच्या बोटीचं इंजिन खोल समुद्रात बंद पडलं, त्याबरोबर बोटीची बॅटरीही उतरली. अशा वेळी वायरलेससाठी वेगळी बॅटरी ठेवलेली असते. काशिनाथने ती आदल्या दिवशी आठवणीने चार्ज करून आणली होती आणि ती घरच्या पडवीत तशीच राहिली होती. सात माणसं दोन दिवस पाण्यावर वाहत राहिली. तिसऱ्या दिवशी दुसऱ्या एका बोटीने बघितलं आणि ओढून आणलं. कोणाला काही झालं नाही. पण सगळ्यांत जुने खलाशी गोविंदकाका, काशिनाथच्या बापाबरोबर समुद्र केलेले, त्यांनी किनाऱ्यावर पाय ठेवल्या ठेवल्या चारचौघांत सांगितलं की ह्याच्या बोटीवर मी परत बसणार नाही. ते नाहीत म्हटल्यावर बाकीचेही नाहीत. बोट थोरल्या भावाची. भावाने सांगितलं, नारळी पौर्णिमेपर्यंत खलाशी जमव, नाहीतर मी दुसरा तांडेल बघतो.

“बोट चालवणं सोडून मला दुसरं कायच येत नाय, मॅडम,” काशिनाथ म्हणाला. तेवढं एक वाक्य तो एका जागी बसून बोलला.

त्याची सगळी पूर्वकथा मी विचारून घेतली, प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि त्याला इथल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनीही तेच निदान केलं, एडीएचडी. त्या इंग्रजी नावात ‘लक्षाची कमतरता’ आहे, म्हणून लोकांना वाटतं ह्यात माणसाला लक्षच नसतं. लक्ष भरपूर असतं. ते कुठे लावायचं आणि कुठून काढायचं, हे त्याच्या हातात राहत नाही. समुद्रावर क्षणाक्षणाला काहीतरी घडतं, तिथे असं चौफेर लक्ष कामाला येतं. घरच्या पडवीतली बॅटरी हाका मारत नाही, म्हणून ती राहते. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. काशिनाथने एकच विचारलं, गोळी खाल्ली तर समुद्रावरचं कळणं जाईल काय? डॉक्टरांनी नीट समजावलं, तेव्हा कुठे तो तयार झाला.

माझ्याकडचं काम सवयीचं. मी त्याला पहिल्या दिवशीच सांगितलं की संमोहनाने एडीएचडी बरा होत नाही. जो तसं म्हणेल त्याच्यापासून लांब राहा. पण ऐन वेळी क्षणभर थांबायची सवय अंगात मुरवायला त्याची मदत होते, निदान मी बघितलेल्या पुष्कळांना झाली. त्याने मान डोलावली. मग मी त्याला आरामखुर्चीत बसवलं आणि माझा तो समुद्रकिनारा सुरू केला.

पहिल्या मिनिटालाच त्याच्या भुवया जवळ आल्या. हात खुर्चीच्या दांड्यावर आवळले. मला वाटलं, वा, काय तल्लीन झालाय. तेवढ्यात डोळे मिटूनच त्याने विचारलं, वारा कुठला? मी आपली मंजूळ आवाजात, वारा नाही, सगळं शांत शांत आहे. तर म्हणतो, पावसाळ्यात वारा नाय? मग मागून काहीतरी मोठं येतंय. इथे तरी मला शहाणपण यायला हवं होतं. पण तोंडपाठ म्हणणाऱ्या माणसाला थांबता येत नाही. मी पुढचं वाक्य म्हटलं, तुम्ही खोल, आणखी खोल बुडत चालला आहात.

काशिनाथ उभा राहिला. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. “आमच्यात असं बोलत नाय, मॅडम,” एवढंच म्हणाला आणि धडाधड जिना उतरून गेला.

सुवर्णाने पिशवी उचलली, माझ्याकडे बघितलं आणि अगदी सरळ स्वरात विचारलं, तुम्ही रत्नागिरीच्याच ना? इतकी वर्षं काम केलं, पदव्या मिळवल्या, भाषणं ठोकली, पण ह्या एका प्रश्नाइतकी शरम मला कधी वाटली नाही. जे लोक समुद्राला नारळ दिल्याशिवाय त्यात पाय घालत नाहीत, त्यांच्यातल्या ज्याने दोन दिवस मरणाच्या तोंडात काढलेत, त्याला मी पैसे घेऊन बुडवत होते.

नंतर फोन केला तर तो येत नाही म्हणाला. आठ दिवस मी स्वतःवर धुसफुसत काढले. मग पहाटेची एसटी पकडून हर्णे गाठलं. पेशंटच्या घरी जायचं नाही असा माझा नियम, आजवर पाळलेला. पण माफी फोनवर मागायची नसते असं मला वाटलं.

काशिनाथ पडवीत भुईवर बसला होता. पुढ्यात जाळं पसरलेलं, पायाच्या अंगठ्यात एक टोक धरलेलं, हातात जाळं विणायची सुई. फाटलेला भाग तो जाळीचं एकेक घर विणत भरत होता. मी हाक मारली, त्याला ऐकू गेली नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. बाजूला चहा सायीसकट गार झाला होता. सुवर्णा आतून येऊन म्हणाली, सकाळी बसलाय, जाळं हातात आलं की असाच, घर जळलं तरी उठायचा नाही. मी बघत राहिले. श्वास संथ. पापण्या सावकाश मिटत होत्या. चेहरा सैल. जी अवस्था यावी म्हणून मी खोलीत पडदे ओढून अर्धा अर्धा तास मंजूळ बोलते, ती हा माणूस भर पडवीत, कोंबड्यांच्या कलकलाटात, एका सुईच्या जोरावर लावून बसला होता. मला अक्षरशः त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

मी शेजारी पाटावर बसले. त्याचं लक्ष गेल्यावर आधी माफी मागितली. तो लाजला, जाऊ द्या म्हणाला. मग विचारलं, तुम्ही हे असंच विणत राहा आणि मी थोडं बोलू का? डोळे मिटायचे नाहीत, समुद्र नाही, बुडणं नाही. तो हसून म्हणाला, बोला की.

त्या दिवसापासून माझी आरामखुर्ची गेली अडगळीत. त्या पावसाळ्यात कधी मी गेले, बहुतेक वेळा तो आला. पिशवीत जाळ्याचा तुकडा आणि सुई घेऊन यायचा, माझ्या खोलीत भुईवर फतकल मारायचा आणि गाठी घालायला लागायचा. चष्म्याच्या दुकानदाराने एकदा वर डोकावून बघितलं आणि बरेच दिवस तो माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत असे. काय सांगायचं ती वाक्यंसुद्धा मी काशिनाथकडूनच घेतली. माझं पुस्तकी मराठी त्याच्या कानावरून जायचं. तांडेलाचा हात सुकाणूवर जातो तेव्हा बोट निघते, म्हणून आम्ही तो क्षण धरला. सुकाणूला हात लागला की हात जड होणार. पाच बोटांच्या पाच गोष्टी तोंडाने म्हणून होईपर्यंत तो हलणार नाही. डिझेल, बर्फ, पाणी, वायरलेस, जाकिटं. एकेका गाठीला एकेक नाव. तो विणत असायचा आणि मी त्याच संथ लयीत तेच तेच सांगत असायचे.

बोट किनाऱ्यावर झाकलेली, मग सराव कशावर करणार? त्याने आपल्या स्कूटरवर केला. हँडलला हात लावला की थांबायचं आणि पाच नावं घ्यायची. अख्ख्या आळीला करमणूक झाली. स्कूटरवर बसून हा मोठ्याने ‘बर्फ, जाकिटं’ म्हणतोय बघून शेजारची बाई सुवर्णाला विचारून गेली की सगळं बरं आहे ना. पण महिन्याभरात हात आपोआप थांबायला लागला. हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि आजही त्याचं कौतुक वाटतं. सगळं सुरळीत झालं असंही नाही. एकदा जाळ्याची पिशवी एसटीत राहिली, एकदा तो चक्क वारच चुकला आणि माझ्या बंद दाराशी बसून परत गेला. गोळीचा वाटा किती, माझा किती, त्याच्या जिद्दीचा किती, हे मोजून सांगता येणार नाही. जिद्दीचा सगळ्यांत मोठा, एवढं नक्की.

जुलैच्या अखेरीस त्याने मला विचारलं की खलाशांना हे सांगू काय. मी नको म्हटलं. आयुष्यभर लोकांची गुपितं राखत आले. गावात एकदा डोक्याचा इलाज चालू आहे असं कळलं की माणसाचं काय होतं, हे मी फार जवळून बघितलं होतं. म्हटलं, तुम्ही कामातून दाखवा, त्यांना आपोआप कळेल. तो गाठ घालत राहिला.

नारळी पौर्णिमेला सुवर्णाने बोलावलं म्हणून गेले. दुपारी समुद्राला नारळ वाहून झाला होता. रंगवलेल्या बोटी पाण्यात उतरल्या होत्या, पताका लागल्या होत्या. थोरला भाऊ किनाऱ्यावर उभा होता आणि त्याच्या शेजारी एक अनोळखी माणूस. सुवर्णाने माझा हात घट्ट धरला आणि सांगितलं, तो नवा तांडेल, आज ठरवायला बोलावलाय. जरा पलीकडे जुने खलाशी वाळूत बसले होते, मधोमध गोविंदकाका. तेवढा वेळ मीच मनात देवाचं नाव घेत होते, मानसशास्त्र बाजूला ठेवून.

काशिनाथ सरळ त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला.

“मी विसरतो,” तो म्हणाला. “ल्हानपणापासून. त्याला आजार म्हणतात, मला ठावूक नव्हतं. रत्नागिरीला ह्या मॅडमकडे जातो, गोळी पण खातो. तरी विसरणं समदं जायचं नाय. म्हणून नांगर उचलायच्या आधी पाच गोष्टी मी मोठ्याने बोलणार. गोविंदकाका एकेकीला हो म्हणतील. ते नाय म्हणाले तर बोट हलायची नाय.”

मी राखायला सांगितलेलं सगळं गुपित त्याने भर दुपारी, भावासमोर, नव्या तांडेलासमोर वाळूवर मांडलं होतं. नवा तांडेल हसला. थोरल्या भावाने मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. ज्याच्या हुकमाने बोट चालायची त्याने आपला हुकूम खलाशाच्या हातात दिला होता, आता ह्याला तांडेल कोण म्हणणार?

गोविंदकाका गुडघ्यावर हात टेकून उठले. सत्तरीचा, वाळलेला, किडकिडीत म्हातारा. काशिनाथच्या अगदी जवळ येऊन त्यांनी विचारलं, “बॅटरी घरी ऱ्हायली ती विसरून?”

“विसरून.”

“मग मी बॅटरी खंय म्हणून विचारलं तवा हसलास कशाला?”

हे हसणं मला कोणीच सांगितलं नव्हतं. इतके आठवडे मी त्याला उलटसुलट विचारलं होतं, त्यात हे कधी आलं नव्हतं. काशिनाथची मान खाली गेली.

“लाज वाटली, काका,” तो म्हणाला. “तोंडाचं काय करू समजलं नाय.”

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “दोन दिवस पाण्यावर काढले त्येचा राग नव्हता मला. असं होतं समुद्रावर. तू हसलास त्येचा होता. वाटलं, म्हाद्याचा पोर, पण ह्याला आमची फिकीर नाय.”

“हाय, काका.” काशिनाथ रडत होता आणि ते लपवतही नव्हता. माझेही डोळे भरून आले, सांगायला कसली लाज. हा माणूस बेफिकीर आहे असं शाळेतल्या मास्तरांपासून सगळे म्हणत आले, आणि त्याने ते इतकी वर्षं मुकाट्याने ऐकून घेतलं होतं.

गोविंदकाकांनी मागे वळून बाकीच्यांकडे बघितलं. एकेक जण कपडे झाडत उठला. थोरल्या भावाने नव्या तांडेलाला हाताला धरून बाजूला नेलं.

“बरं,” गोविंदकाका काशिनाथला म्हणाले. “परवा निघायचं तर बर्फ सांगितलायस काय?”

काशिनाथने माझ्याकडे बघितलं, बायकोकडे बघितलं.

“नाय,” तो म्हणाला. “विसरलो.”

“हां. आता कसं सरळ सांगितलंस,” गोविंदकाका म्हणाले आणि त्यांनी बर्फ सांगायला माणूस धाडला.